वनपित्याचे दोन ड्रॉपर

कल्पना करा, मुलांनो: शनिवारची सकाळ आहे. कॅलिफोर्नियातल्या आमच्या डोंगरी गावाच्या बाजारात शंभरेक माणसं श्वास रोखून उभी आहेत. मेजावर जांभळ्या पाण्याचे पेले, आणि मेजामागे स्वतःला ‘वनपिता’ म्हणवणारा ऑरिन.

“हे साक्षीजल!” तो गरजला. “यंत्रांना आत्मा असतो का? मग प्रयोगशाळेचा कागद कशाला? विष कुठे आहे ते हे पाणी सांगेल. आणा आपापल्या बाटल्या!”

आमच्याकडे गांजाची शेती तीन पिढ्यांची. आता कायद्यानं त्याच्या औषधी तेलाची प्रत्येक खेप प्रयोगशाळेत तपासतात. कीटकनाशक, बुरशी, शिसं नाही ना हे पाहिल्यावरच ती दुकानात जाते. पण ज्यांनी उभा जन्म पोलिसांपासून लपून शेती केली, त्यांना सरकारी शिक्का पचत नाही. ऑरिननं नेमकी हीच नस पकडली होती.

डायना पुढे झाली. तिच्या सहा वर्षांच्या मुलाला, ऑटोला, फिट येतात. डॉक्टरांच्या सल्ल्यानं तपासलेलं तेल सुरू केल्यापासून त्या खूप कमी झाल्या होत्या. ऑरिननं एका ड्रॉपरनं तिच्या बाटलीतले चार थेंब पेल्यात टाकले. पाणी हिरवंगार!

“विष! आई असून लेकराला विष पाजतेस?”

मग त्यानं दुसऱ्या ड्रॉपरनं दुसऱ्या पेल्यात स्वतःचं तेल टाकलं. पाणी जांभळंच राहिलं. लोकांनी टाळ्या पिटल्या. डायना रडत बाटली गटारात ओतायला निघाली.

“आई, थांब!” अकरा वर्षांच्या बर्डीनं तिचं मनगट धरलं. “हे ओतलंस तर ऑटोला काय देणार? याच्या बाटलीवर साधी चिठ्ठीसुद्धा नाही!” मग ती ऑरिनकडे वळली. “काका, तुमच्याकडे दोन ड्रॉपर कशाला?”

“दुसऱ्यांची घाण माझ्या तेलाला लागू नये म्हणून, चिमणे.”

“मग आमच्या तेलाला वापरलेल्या ड्रॉपरनं तुमचं तेल टाकून दाखवा की.”

“ते बाटेल!”

“टाक रे वनपित्या,” म्हातारा हँक मागून ओरडला. “पोरीला घाबरलास होय?”

ऑरिन हलेना. बर्डीनंच तो ड्रॉपर उचलला, त्याचं तेल ओढलं आणि नव्या पेल्यात पिळलं. हिरवंगार!

“अगंबाई! तुमच्या तेलातही विष?” बर्डी म्हणाली.

मी याच गावची जुनी शिक्षिका. तो ड्रॉपर मी उजेडात धरला, तर आत पांढरा थर. धुण्याचा सोडा! पेल्यात जांभळ्या कोबीचं पाणी होतं. सोडा लागला की ते हिरवं होतं, हे मी शाळेत कितीदा करून दाखवलं होतं. विषाशी त्याचा काडीचा संबंध नाही. मी हे सगळ्यांना सांगितलं आणि मोठ्यानं म्हणाले, “ज्याला परीक्षा दुसऱ्याच्या हातात द्यायची भीती वाटते, त्याचा चमत्कार आधी तपासा. प्रयोगशाळेवरही आंधळा विश्वास नको; तिचा कागद मागा, वाचा, शंका आली तर दुसरीकडून तपासून घ्या.”

“म्हणजे याच्याच तेलात विष!” हँक खवळला. “फेका नदीत!”

“हँक आजोबा, तेही कुणी तपासलंय?” बर्डी म्हणाली. “हे पाणी आमच्या तेलाबद्दल खोटं बोललं, तसं याच्याबद्दलही काही खरं बोललं नाही. याचं तेल कुणीकुणी घरी नेलंय?”

हळूहळू अकरा हात वर झाले.

बर्डीनं आईच्या हातातल्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं. ऑरिनची बाटली कागदी पिशवीत घातली, माझ्याकडून पेन्सिल घेऊन तिच्यावर तारीख लिहिली, आणि कुणाच्या परवानगीची वाट न पाहता प्रयोगशाळेच्या रस्त्याला लागली.