सोळा बाटल्या, एक टोप

माझा प्रबंध प्रयागकाकींच्या टोपात बुडाला. हे मला कळलं तोवर दोन महिने उलटून गेले होते आणि मी निरगुडीला मनातल्या मनात शिव्या घालून मोकळी झाले होते.

मी अंकिता, महाडची. आयुर्वेदात पदव्युत्तर शिक्षण घेते आहे. विषय साधा. निरगुडीचा पाला वाफेवर ठेवून जे तेल निघतं, त्यानं गुडघेदुखी कमी होते का? पोलादपूरच्या वरच्या अंगाला तीन वाड्या निवडल्या. लावणीत वाकून आणि चढणी चढून तिथल्या बायांचे गुडघे पन्नाशीच्या आतच कुरकुरायला लागतात. चाळीसजणींना नंबर घातलेल्या बाटल्या दिल्या. निम्म्यांत तिळाच्या तेलात मिसळलेलं निरगुडीचं तेल, निम्म्यांत नुसतं तिळाचं. कुणाला कुठलं, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. यादी कॉलेजात सीलबंद. वास लपावा म्हणून सगळ्याच बाटल्यांत थोडं अत्तर टाकलं होतं. मी स्वतःला फार हुशार समजत होते.

दोन महिन्यांनी यादी उघडली. दोन वाड्यांत निरगुडीवाल्यांचं दुखणं बाकीच्यांपेक्षा स्पष्ट कमी झालेलं. तिसऱ्या वाडीत मात्र सोळाही जणींना सारखाच, अर्धामुर्धा आराम. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "ती वाडी पुन्हा करा." नव्या सोळा बाटल्या पिशवीत घालून मी सकाळच्या एसटीनं निघाले.

प्रयागकाकी ओटीवर पाय पसरून बसल्या होत्या, शेजारी तुळसाबाई. दोघी त्या सोळाजणींतल्याच. मी बाटल्या मांडल्या. काकींनी एकेक बूच काढून नाकाशी धरलं आणि बघता बघता दोन रांगा केल्या.

"ह्या निगडीच्या. ह्या नुसत्या."

"निरगुडी कुठली, कसं कळलं? अत्तर आहे ना त्यात?"

"जलमभर बांधावरची निगडी कापतो आमी. अत्तरानं काय व्हतंय?" त्या हसल्या. "मागल्या टायमालाबी कळलं व्हतं. एकीला निगडी नि दुसरीला नाय, हा कुठला न्याय? मंग टोपात सगळं ओतलं नि वाटून घेतलं. तुजी चूक झाली आसंल म्हणून बोललो नाय. पोरीला कशाला लाजवायची?"

हसावं की रडावं, मला कळेना. "काकी, मी कागद वाचून दाखवला होता. तुम्ही सगळ्यांनी सह्या केल्यात."

"वाचलंस गो. सांगितलंस कुठं?"

हे मला लागलं, कारण ते खरं होतं. निम्म्या जणींना साधंच तेल मिळेल, हे वाक्य मी एसटी चुकेल म्हणून घाईघाईत वाचून टाकलं होतं. आता नीट सांगितलं. निम्म्या जणींना मुद्दाम साधं तेल द्यायचं. दोन महिने त्यांचं दुखत राहील, कदाचित. पण त्याशिवाय आराम निरगुडीचा की नुसत्या चोळण्याचा, हे कळत नाही. ते कळलं तर पुढे पुष्कळांना छातीठोकपणे सांगता येईल.



"मंग माला ठेव साध्यात," प्रयागकाकी म्हणाल्या. "दुखलं तर मी बसून ऱ्हाईन. तुळसाला खरं दे. तिच्या कडेवर नातू आसतो."

तुळसाबाईंनी 'नको नको' केलं नाही. गुडघा चोळत राहिल्या.

"असं निवडता येत नाही, काकी. चिठ्ठी निघेल तसं."

"म्हंजी निवडायचं कुणी?"

"कुणीच नाही. ज्याचं त्याचं नशीब."

"नशीब तर हितं हायच गो. ते घिऊन तू महाडावरनं कशाला आलीस?"

माझं शास्त्र चुकीचं नव्हतं, अजूनही मी तसंच मानते. पण त्या ओटीवर ते तोंडातून निघेना. मी तक्ता काढला आणि त्यांच्यादेखत सोळा नावांवर काट मारली. सर रागावणार होते. नवी वाडी, नवे दोन महिने, आणि तेच वाक्य पुन्हा, या वेळी हळू.

"ह्ये काय केलंस?" तुळसाबाईंनी विचारलं.

"तुमची नावं काढली. आता चिठ्ठी नाही. पुढच्या बुधवारी तेल आणते, सोळाही बाटल्या निरगुडीच्या."

तुळसाबाईंचा चेहरा उजळला. प्रयागकाकी मात्र माझ्याकडे बघतच राहिल्या.

"नि त्या दोन वाड्यांतल्या? ज्यांनला नुसतं दिलंस त्या?"

बाराजणी होत्या. दोन महिने त्यांनी मुकाट्यानं साधं तेल चोळलं, मला हवे ते आकडे दिले, आणि यादी उघडल्यावर त्या दोन वाड्यांच्या निकालावर मी आनंदानं पेढे वाटले होते. त्यांच्या गुडघ्यांचं पुढे काय, हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. मला स्वतःची मनापासून लाज वाटली.

"अठ्ठावीस आणते, काकी," मी म्हटलं.