मशीनखालचं रबर

सोळा वर्षं मी जळगावच्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. रक्ताच्या ट्यूबा फिरवायचं सेंट्रीफ्यूज मशीन, शेजारी डीप फ्रीजर, कोपऱ्यात कॉम्प्रेसर, सगळं एकाच खोलीत. लोक विचारायचे, रूपालीअक्का, एवढ्या जोरात का बोलता? घरी टीव्हीच्या आवाजावरून रोज भांडण. मला आधी वाटलं, मंडळीच कुजकट आहेत.

मार्चमध्ये धुळ्याला जाऊन कान तपासले. जळगावात तपासले असते तर मी परत यायच्या आत बातमी लॅबमध्ये पोचली असती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बारीक आवाज दोन्ही कानांतून गेले, ते परत येणार नाहीत. उरलंय ते सांभाळा. मला रडू आलं नाही. बसमध्ये पारोळा येईपर्यंत एकच डोक्यात होतं, जूनमध्ये माझं अकरा महिन्यांचं कंत्राट संपतं आणि बहिऱ्या बाईला ते पुन्हा कोण देणार.

म्हणून कुणाला बोलले नाही. मशीन थांबलं की बीप वाजते, ती मला कधीचीच ऐकू येत नव्हती. मी ओट्यावर तळहात ठेवायचे. थरथर थांबली की झाकण उघडायचं. पण उरलेले कान तरी वाचावेत म्हणून आवाजाच्या तक्रारीचा अर्ज मीच लिहिला, सगळ्यांच्या सह्या मीच घेतल्या.

अर्ज मंजूर झाला. आमच्याकडे हे नवलच. सोमवारी मशीनखाली जाड रबर बसवलं. सगळे म्हणाले, किती शांत वाटतंय. मीही म्हणाले.

दुपारी ट्यूबा लावल्या, ओट्यावर हात ठेवला. काहीच नाही. घ्या, स्वतःच्या हातानं पायावर धोंडा मारून घेतला. घड्याळ बघून ठेवायचं सुचलं नव्हतं, सोळा वर्षांत तशी गरजच पडली नव्हती. मशीन जुनं, चालू असतानाही झाकण उघडतं, आणि आत हात गेला तर बोटं जातात. मी तशीच उभी राहिले.

हेमराज आला. पारोळ्याचा, सव्वीस वर्षांचा, माझ्याच हाताखाली शिकलेला. त्यानं बीप बंद करायचं बटण दाबलं आणि माझ्यासमोर उभा राहिला.

"अक्का, कव्हयनं बोंबली राहिनं ते. तुमले ऐकू येत नही का?"

ओठांवरून मला कळतं. "येतं की," म्हणाले आणि ओट्यावरचा हात काढून घेतला. तो त्या हाताकडे बघत राहिला.

मग त्यानं मशीन एका बाजूनं उचललं, खालचं रबर ओढलं आणि कपाटामागे टाकलं. माझ्या ट्यूबा काढून रिकामंच मशीन चालू केलं आणि मला खुणेनं ओट्यावर हात ठेवायला सांगितलं. थरथर परत आली होती.

आवाज किती वाढला ते मला त्याच्या आक्रसलेल्या चेहऱ्यावरून समजलं. त्याचे कान अजून चांगले आहेत. मी त्याला थांबवायला हवं होतं.

मी पुढच्या ट्यूबा लावल्या.