आपल्या तालमीचा पास

प्राथमिक शाळेत फुटबॉल सुरू करायला मुख्याध्यापक दत्तप्रसाद सरांनी होकार दिला, पण अट घालून. "पेठेतली भांडणं मैदानात आली, की चेंडू कपाटात. आणि किल्ली माझ्याकडे." चौथीच्या संयोगिताबाईंनी मान डोलावली. दुसरं काय करणार होत्या?

सरांची धास्ती उगाच नव्हती. कोल्हापुरात पोराला बाराखडीच्या आधी आपली तालीम, म्हणजे गल्लीचं मंडळ आणि त्याचा फुटबॉल संघ, कळते, आणि तालमीचा संघ हरला की त्या घरात कुणाला घास उतरत नाही. बाईंच्या चौथीत निम्मी पोरं वरच्या तालमीची, निम्मी खालच्या तालमीची. सरावात एका तालमीचं पोरगं दुसऱ्या तालमीच्या पोराला चुकूनही पास देत नसे. बाई ओरडून घसा बसवून घेत, पोरं "व्हय बाई" म्हणत आणि पुन्हा तेच.

शेजारच्या शाळेशी पहिला सामना ठरला. सर खुर्ची टाकून बसले. आदर्शनं दोघांना झकास चकवलं. शेजारी राजवर्धन मोकळा, हात वर करून उभा. पण तो वरच्या तालमीचा. आदर्शनं इकडंतिकडं पाहिलं आणि चेंडू दिला गुंडूला. गुंडू त्याच्याच गल्लीतला, त्याच्याच खालच्या तालमीचा. फक्त खेळत होता शेजारच्या शाळेकडून. गुंडूनं प्रसाद घ्यावा तसा चेंडू घेतला, मैदानभर पळाला आणि गोल ठोकला.

"अरं, त्यो त्यांचा हाय," कुणीतरी ओरडलं.

"पण आपल्या तालमीचा हाय की," आदर्श म्हणाला, आणि मग त्याचं तोंड एवढंसं झालं.

राजवर्धन मुठी आवळून त्याच्याकडं निघाला. सर खुर्चीतून उठले. बाईंना वाटलं, झालं, संपला फुटबॉल. त्या धावत मध्ये गेल्या, तर राजवर्धनच्या डोळ्यांत पाणी.

"बाई, मी मोकळा हुतो की."

"व्हय. आणि चेंडू तुझ्याकडं असता तर तू त्याला दिला असतास?"

राजवर्धननं बाहीनं डोळे पुसले आणि आपल्या जागेवर पळाला.

दुसऱ्या हाफमध्ये चेंडू त्याच्याकडं आला. समोर दोन बचावपटू. त्यानं मान वळवून वरच्या तालमीचा कोण दिसतोय का ते पाहिलं. कोणी नव्हतं, उरला होता आदर्श. राजवर्धनचं तोंड कडू काढा प्यायल्यासारखं झालं.

"घे की," तो खेकसला आणि पास दिला.

आदर्शनं गोल मारला. दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले, मग आठवण झाल्यासारखे बाजूला सरले. बाईंना हसूही आलं आणि भरूनही.

सामना बरोबरीत सुटला. सर पोरांजवळ आले. त्यांचीही एक तालीम होती, हे साऱ्या पेठेला ठाऊक. "आपला गोल मारला तो कुठल्या तालमीचा रे?" त्यांना राहवलं नाही.

आदर्शनं तोंड उघडायच्या आत राजवर्धन बोलला, "आमच्या चौथीचा हाय, सर."

सरांनी खिशातली कपाटाची किल्ली काढली आणि बाईंच्या हातावर ठेवली.