मुक्या सिनेमाची पायपेटी

डोक्यावर नारळांची रास आणि पोटात उंदरांचं घर. अशी अवस्था बघून मला पेटी कोण म्हणणार? पण मित्रांनो, मी पायपेटी आहे. जुनी, सागवानी. पायांनी भाता हाणायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायची.

गोवा मुक्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तेव्हा मी सावंतवाडीहून इब्रामपूरला आले. दशावतारी मंडळात. मला रघुनाथ वाजवायचा. राजाचा पार्ट शिवदासचा. दशावतारात भाषण लिहिलेलं नसतं, नट उभ्या उभ्या सुचेल तसं बोलतो. मग बोलणं संपलं हे पेटीवाल्याला कसं कळणार? शिवदास डावीकडे माझ्यावर एक नजर टाकायचा. रघुनाथ सूर धरायचा, की शिवदास पाऊल उचलायचा. लोक म्हणायचे, "राजा आणि पेटी, एकाच आवशीची पोरां!" एका आईची लेकरं म्हटल्यावर मला फार बरं वाटायचं.

मग शिवदासच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. आवाज गेला, नुसती कुजबुज उरली. त्याने तोंडाला रंग लावणं सोडलं. रघुनाथचाही जीव रमेना, तोही मंडळातून उठला. मी गेले त्याच्या माळ्यावर.

एक दिवस कारापूरची देवकी आली. सिनेमा शिकलेली मुलगी. तिला आताच्या काळात जुन्या मुक्या सिनेमासारखा सिनेमा करायचा होता. काळापांढरा, बिनबोलण्याचा, मधे मधे फक्त लिहिलेली पाटी येणार. सुर्ल्याची खाण बंद पडते आणि म्हातारा ड्रायव्हर आपल्या ट्रकचा निरोप घेतो, एवढीच गोष्ट.

शिवदास तेव्हा रघुनाथच्या ओसरीवरच होता. कोणी बोलणारच नाही, म्हणून देवकी त्याच्याकडेच वळली.

"शिवदासमामा, ह्यात कोणूच उलयना. तुमीच करूक जाय."

शिवदास आत गेला, आरशात बघून आला. म्हणजे हो.

पण शूटिंग अडलं. ट्रककडून चालत जायचं आणि वळून बघायचं, बस. शिवदास डावीकडे बघायचा आणि तिथेच थांबायचा. परत तेच. दुसरा नट आणूया, असं कोणीतरी बोललंही. देवकी त्याला घरी सोडायला आली तेव्हा म्हणाली, "फाल्यां एकदां बघूया, मामा. ना जाल्यार..." उद्याचा दिवस शेवटचा, हे माळ्यावर मलाही कळलं.

ती गेल्यावर शिवदास कुजबुजला, "रघू, माका सूर मिळणा नाय."

"मेल्या, मुको सिनेमा तो! सूर कित्याक?"

"बोलूक नको. पाय उचलूक व्हयो."

रघुनाथ उठला. मग त्याने माळ्याला शिडी लावली.

नारळ खाली गेले. उंदरांची पिल्लं बाहेर गेली. भात्याच्या भोकांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे बसले. काही पट्ट्या मुक्याच राहिल्या. तशीच टेम्पोत चढले.

सुर्ल्यात, शूटिंगच्या जागी, मला बघून देवकी हसली. "रघुनाथमामा, हिचो आवाज रेकॉर्ड जावचो ना हां! शूटिंग सोंपल्यार वायोलिन घालतले."

"घाल गो बाय. आमी तुझ्या फिल्मीसाठी नाय इलव. ह्या म्हाताऱ्यासाठी इलव."

शिवदासच्या डाव्या हाताला, चित्रात येणार नाही अशी, मला लाल मातीत ठेवलं. त्याने ट्रकच्या बॉनेटवरून हात फिरवला. नजर माझ्याकडे आली. रघुनाथने भाता दाबला. मी फुसफुसले, खोकले आणि वाजले. शिवदास चालू लागला. खांदे ड्रायव्हरचे, चाल राजाची. वळला. बघितलं. "कट" म्हणायचं कोणाच्या ध्यानातच राहिलं नाही.

पुढे तो सिनेमा इब्रामपूरच्या मांडवात दाखवला. मलाही नेलं होतं. वायोलिन गोड होतं, खोटं कशाला बोलू. माझा मात्र एकही सूर नव्हता.

शेजारची आनंदीमावशी रघुनाथला डिवचून म्हणाली, "तुझी पेटी खंय रे? ऐकाक येणा नाय ती!"

रघुनाथने पडद्याकडे बोट केलं. तिथे शिवदास ट्रक सोडून निघाला होता.

"ती काय. चालता ती."

मित्रांनो, तुमच्याही घरात अशी एखादी गप्प बसलेली वस्तू असेल. हिचा आता काय उपयोग, असं म्हणू नका. धूळ पुसा, वारा दाखवा, फाटलं असेल तर ठिगळ लावा. कोणाचं तरी पाऊल तिच्यासाठी अडून बसलेलं असतं.