गुडघेगुरुजींची एकच अट

क्लबच्या हॉलबाहेर रांग होती आणि रांगेतला प्रत्येक जण लंगडत होता. पुढच्या दाराने लंगडे आत जात, मागच्या दाराने ताठ बाहेर पडत. लोक टाळ्या पिटत होते, कोच डोळे पुसत होता. मला मात्र संताप येत होता, कारण त्या रांगेत माझी भाचीही होती. दुसऱ्या दिवशी तिची फुटबॉलची फायनल होती.

"मामा, तू तोंड उघडायचं नाहीस," तिनं बजावलं होतं.

आत गालिच्यावर गुडघेगुरुजी बसले होते. "ताज्या दुखण्याला मी हात लावत नाही! तीन आठवडे पिकू द्या, मग या. वाटीत वायू अडकलाय, वायू!" ते गुडघ्यावर फुंकर मारत, "सुटला!" म्हणून ओरडत आणि माणसाला नाकासमोर चालायला लावत. "फक्त मागे वळून पाहायचं नाही. पाहिलंत की वायू परत शिरलाच!"

ही अट सगळ्यांनी इतकी मनावर घेतली की पाकीट विसरलेला एक खेळाडू उलट्या पावलांनी चालत आत आला आणि थेट कोचच्या मांडीवर बसला. कोच रागावला नाही. "आता आपण सरळ रेषेतच जिंकायचं," तो म्हणाला.

मी तोंड उघडलं नाही. बायकोला मेसेज केला. ती हाडांची डॉक्टर. खेळू देणार नाही म्हणून भाचीनं मामीला गुडघा दाखवलाच नव्हता.

बायको दारात पोचली, तेव्हा मुलांच्या संघाचा, 'खांब' म्हणून ओळखला जाणारा गोलकीपर बरा होऊन ऐटीत निघाला होता. मागून कोणीतरी हाक मारली, "अरे, तुझे बूट राहिले!" तो गर्रकन वळला आणि धाडकन खाली बसला.

"बघितलंत? मागे पाहिलं!" गुरुजी खुशीत ओरडले. लोकांनी हात जोडले. माणूस उभा राहिला तरी चमत्कार आणि पडला तरी चमत्कार!

"बसल्या बसल्या नुसती मान वळवून मागे बघ," बायको खांबाला म्हणाली.

"नको डॉक्टर, वायू शिरेल!"

"शिरू दे. मी आहे ना."

त्यानं पाहिलं. काही झालं नाही. मग हळूहळू सगळा हॉल मान वळवून मागे बघू लागला. कोणाच्याच गुडघ्यात काही शिरलं नाही.

बायकोनं त्याचा गुडघा जरा वाकवला, एका हातानं मांडी धरली, दुसऱ्यानं नडगी पुढे ओढली. नडगी टेबलाच्या सैल खणासारखी पुढे सरकली. दुसऱ्या पायाची हलेना.

"हाडाला हाड बांधणारं लिगामेंट तुटलंय. सूज दोन-तीन आठवड्यांत आपोआप उतरते, म्हणून गुरुजी ताजं दुखणं घेत नाहीत. सरळ चालायला या लिगामेंटची फारशी गरज पडत नाही. पाय रोवून वळताना पडते, म्हणून ते वळू देत नाहीत."

गुरुजी गालिचा गुंडाळू लागले.

भाची स्वतःच येऊन मामीसमोर बसली. तिचीही नडगी सरकली.

"म्हणजे उद्या नाही?"

"नाही गं राणी. उद्या खेळलीस तर दोन हाडांमधली गादीही फाटेल. आधी तपासण्या, मग व्यायाम, कदाचित ऑपरेशन. वेळ लागेल, पण बहुतेक पुन्हा खेळशील."

ती मामीच्या गळ्यात पडून रडली. मलाही रडू आवरेना.

"मग उद्या गोल कोण मारणार?" कोचनं विचारलं.

"जिचे गुडघे धड आहेत ती," बायको म्हणाली.

मंडळी, कोणी चमत्कार दाखवून वर अट घातली, तर ती अट कशासाठी आहे हे आधी विचारा. आणि मुरगळलेला गुडघा फुंकून घेऊ नका, तपासून घ्या. सामने पुन्हा होतील, पोरीला गुडघे दोनच आहेत.