दीड तासाची दुबई

बहिरू पहिल्यांदा दुबईला निघाला, तेव्हा मालनबाईनं भावाचं तिकीट चष्मा लावून स्वतः वाचलं होतं. मुंबई चार वाजता, दुबई पाच चाळीस. तेव्हापासून मखमलाबादच्या फुलांच्या मळ्यात ती साऱ्यांना सांगायची, "दीड तासाची तर दुबई! आपल्या एसटीला नामपूर गाठायला याहून जास्त लागतं."

याच अंदाजावर तिनं लेकीचा मुहूर्त हलवला. सृष्टीचं लग्न गोरज मुहूर्तावर ठरलं होतं. पण नामपूरचे पाहुणे उजेडात परतावेत म्हणून तिनं व्याही वाल्मीकरावांच्या मागे लागून दुपारचे बारा एकतीस करून घेतले. बहिरूचं विमान सकाळी सातला सुटणार. साडेआठला मुंबई, बाराला मांडवात. त्याला वेगळं कळवावं असं तिला वाटलंच नाही.

बाप गेल्यावर सृष्टीला वाढवलं ते या मामानं. लग्नात नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो, पण हिच्या पाठीशी तो बारा वर्षं उभाच होता. हळदीला शेजारच्या नवसाबाईनं ओवी धरली:

मांडवाच्या दारी लेक वाट कुणाची गं पाही,
मामा आल्याबिगर पाय पाटावरी नाही.

"खरंच नाय ठेवणार हं!" सृष्टी हसली होती.

लग्नाच्या दिवशी अकरा चाळीसला फोन वाजला.

"आक्का, उतरलो बघ मुंबईत."

"आत्ता? सातला सुटलं ना रे?"

"तिथले सात, आक्का! त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं. वर तीन तासांचं उडणं. पाचपर्यंत येतो. गोरजला लय वेळ हाय."

मालनबाईच्या मुठीतल्या अक्षता घामानं भिजल्या. "ये सावकाश," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

ज्या तोंडानं दुपार मागितली, त्याच तोंडानं पुन्हा संध्याकाळ मागायची? पंगतीची पानं मांडून झाली होती. ती नवरीच्या खोलीत गेली.

"विमान लेट झालंय गं."

"मग थांबू."

"एवढी माणसं थांबतात का बाई?"

सृष्टीचे डोळे भरले. "एक दिवस आधी नसतं का येता आलं त्याला? माझ्यासाठी एक दिवस?"

सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. मालनबाई लेकीच्या मुंडावळ्या नीट करत राहिली.

चुलतमामा दत्तू पाठीशी उभा राहिला. मंगलाष्टकं चालू असताना सृष्टीनं दोनदा मागे वळून पाहिलं.

पावणेपाचला बहिरू धावतच मांडवात शिरला. "कुठंय माझी नवरी?" पाठवणीची गाडी दारात होती. भाचीच्या गळ्यातलं मंगळसूत्र पाहून तो जागीच थबकला.

"लागलं लग्न?"

"इतकं कसं लेट झालं रे विमान, मामा?"

"लेट? नाय गं पोरी. अगदी वेळेवर उतरलं. मुहूर्त गोरजचा ना?"

सृष्टी आईकडे वळली.

"मला वाटलं, दीड तासच लागतो," मालनबाई पुटपुटली. "हिशेब चुकला माझा."

"हिशेब कुणाचाही चुकतो, आई. पण पाटावर उभी राहून मी याला मनातल्या मनात काय काय बोलले! ते कसं परत घेऊ?"

बहिरूनं भाचीचा हात धरला आणि तिला गाडीकडे नेलं. मालनबाई चार पावलं मागून चालत राहिली.