सिस्टरांचा नावडता वॉकर

मी एक जुना वॉकर आहे. मित्रांनो, तुम्ही मला कुठे ना कुठे पाहिले असेल, पण नीट पाहिले नसेल. माझ्याकडे नीट पाहायला कोणालाच आवडत नाही. चार पाय, त्यांना चार रबरी बूट, मध्ये आडव्या नळ्या आणि वर धरायला दोन मुठी. खुर्ची म्हणावे तर बसता येत नाही, शिडी म्हणावे तर चढता येत नाही. ज्या माणसाला स्वतःचे दोन पाय पुरत नाहीत, त्याला मी माझे चार उसने देतो. एवढेच माझे काम. पण या कामासाठी मी जितक्या शिव्या खाल्ल्या आहेत, तितक्या पकडलेल्या चोरानेही खाल्ल्या नसतील.

माझा जन्म एका कारखान्यात, पत्र्याच्या छपराखाली झाला. ॲल्युमिनियमच्या लांब नळ्या कापल्या, यंत्रात घालून वाकवल्या, भोके पाडून जोडल्या आणि मी तयार झालो. माल तपासणाऱ्या एका धिप्पाड बाईने दोन्ही मुठींवर सगळे वजन टाकून मला गदागदा हलवले. मी डगमगलो नाही. "हा उभा राहील," ती म्हणाली आणि तिने माझ्यावर शिक्का मारला.

मग मी दुकानात आलो. कुबड्या, चाकांच्या खुर्च्या आणि पाठीचे पट्टे हे माझे शेजारी. कपड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक हसत येते, भांड्यांच्या दुकानात घासाघीस करत येते. आमच्या दुकानात मात्र प्रत्येक जण तोंड पाडून यायचा, बोटाने दाखवायचा आणि घाईने निघून जायचा. एके दिवशी असाच एक माणूस आला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. हाताला ग्रीस, खिशात पाना. त्याने मला काखेत मारले आणि चौथ्या मजल्यावरच्या आपल्या घरी नेले. तिथे त्याची आई होती.

या आईला सगळे 'सिस्टर' म्हणत. मोठ्या रुग्णालयात, हाडांच्या वॉर्डात त्यांनी चौतीस वर्षे काढली होती. त्यांच्या चपलांचा आवाज आला की रुग्ण आपोआप सरळ बसत. माझ्यासारखे शेकडो वॉकर त्यांनी लोकांच्या हातात कोंबले होते. "रडायचं नंतर, आधी पाऊल टाका," हे त्यांचे पेटंट वाक्य होते. पण निवृत्तीनंतर वर्षभरातच त्यांचे यजमान गेले. ते घड्याळे दुरुस्त करायचे, शांत स्वभावाचे होते. त्यानंतर तीन महिन्यांत सिस्टर न्हाणीच्या उंबऱ्यावर घसरल्या आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली. मग मुलाने त्यांना स्वतःचे घर बंद करायला लावून आपल्याकडे आणले. सव्वा वर्षात नोकरी, नवरा, पाय आणि घर, एकामागोमाग एक सगळे हातचे गेले. आणि त्यांच्या बदल्यात काय आले? तर मी.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले.

"हा सांगाडा कोणासाठी?"

"आई, डॉक्टरांनी सांगितलंय ना," मुलगा म्हणाला.

"डॉक्टर कालचं पोर. माझ्या हाताखाली शिकलाय तो. ने उचलून!"

मुलाने मला नेले नाही, तेव्हा त्यांनी पलंगावर बसल्या बसल्या चांगल्या पायाने मला लाथ मारली. मी भिंतीवर आपटलो. ती आमची पहिली ओळख. नंतर त्या माझ्यावर ओले टॉवेल वाळत घालू लागल्या. खोटे कशाला बोलू, मलाही त्यांचा राग येऊ लागला. रात्रंदिवस ज्यांच्या उशाशी उभे राहायचे त्यांनीच आपल्याला खुंटी समजावे?

पण त्या घरात माझ्यापेक्षाही वाईट वागणूक एकीच्या वाट्याला येत होती. ती म्हणजे सून. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. दुपारी साडेतीनला ती घरी येई आणि साडेतीन वाजून एका मिनिटाने भांडण सुरू होई. चहा कोमट आहे. चादरीला घडी पडली आहे. औषध पाच मिनिटे उशिरा दिले. सूनही काही गरीब गाय नव्हती. ती दाणकन कप ठेवायची आणि शब्दाला शब्द द्यायची. दोघींचे जुंपले की मुलाला हटकून कुठली तरी लिफ्ट अडकल्याचा फोन यायचा. साऱ्या शहराच्या लिफ्टा तो सोडवत होता, पण स्वतःच्या घरात दोन मजल्यांच्या मध्ये अडकून पडला होता.

सिस्टर मला हात लावत नसत. भिंत धरून, कपाट धरून, दाराची कडी धरून त्या फिरत. एकदा सून म्हणाली, "आई, भिंत काय तुमच्याबरोबर चालणार आहे? वॉकर घ्या. पडलात तर मला निस्तरावं लागेल."

"तू नको निस्तरूस. मला माझ्या घरी पोचव."

"मग इतके दिवस ही खोली कशाला अडवलीत?"

आणि मग सुनेच्या तोंडून जे निघाले, ते ती बरेच दिवस गिळत आली असावी.

"या खोलीत माझे बाबा होते. याच पलंगावर गेले. त्यानंतर तेराव्या महिन्यात तुम्ही आलात. आणि ते गेले तेव्हा तुम्ही दारात उभ्या राहून मला काय म्हणालात, आठवतंय? 'वय झालं होतं, सुटले बिचारे.' माझ्या डोळ्यांतलं पाणीसुद्धा खळलं नव्हतं."

"मग काय खोटं म्हणाले?"

"काही नाही. तुमचे यजमानही सुटलेच की!"

मित्रांनो, लाथ मी सोसली होती, पण हे वाक्य ऐकून माझ्या नळ्यासुद्धा गार पडल्या. सिस्टरांनी उशाशी असलेला पाण्याचा पेला भिरकावला. तो सुनेला लागला नाही, मला लागला. सुनेने मला घडी करून उचलले आणि बाल्कनीत फेकले. "नको ना? मग राहू दे बाहेर," असे म्हणून तिने दार लावून घेतले.

बाल्कनीत मी पाच आठवडे होतो. कबुतरे माझ्यावर बसत आणि बसून जे करतात तेही करत. माझ्या स्क्रूंना गंज चढला, डाव्या पायाचा बूट उन्हाने तडकला. काचेतून मला आतले दिसे. घरात आता भांडण नव्हते. भांडणापेक्षा वाईट अशी शांतता होती. दोघी एकमेकींशी मुलाच्या मार्फत बोलत. "तिला सांग." "त्यांना विचार."

मग तो दिवस आला. दुपारचे साडेबारा वाजले असतील. घरात सिस्टर एकट्याच होत्या. दारावरची घंटा वाजली. त्या उठल्या, भिंत धरून निघाल्या. भिंत संपते आणि दार सुरू होते, त्या मधल्या तीन पावलांत धरायला काहीच नव्हते. पहिले पाऊल टाकले, दुसरे टाकले, आणि मला धप्प असा आवाज आला. घंटा वाजवणारा दोनदा वाजवून निघून गेला.

त्या ओरडल्या असत्या तर शेजारचे धावले असते. पण त्या ओरडल्या नाहीत. चौतीस वर्षे ज्यांनी दुसऱ्यांच्या हाका ऐकल्या, त्यांना स्वतःला हाक मारणे जमेना. आधी त्यांनी दोन्ही पाय हलवून पाहिले, खुबा चाचपला. हाड शाबूत होते. मग फरशीवर कोपर टेकून उठायचा प्रयत्न केला. एकदा, दोनदा, कितीतरी वेळा. शेवटी त्यांनी गाल फरशीला टेकवला. मी काचेपलीकडे उभा होतो. ज्या कामासाठी जन्मलो ते काम चार हात अंतरावर पडले होते आणि मला बोटभर सरकता येत नव्हते.

तीन तासांनी किल्ली फिरली. सुनेने पिशवी टाकली आणि धावत येऊन त्यांच्या काखेत हात घातले.

"काखेतून ओढू नकोस!" सिस्टर फरशीवरूनच कडाडल्या. "खांदा निखळेल. काही मोडलेलं नाही. आधी श्वास घे, तूच पडशील. वॉकर कुठंय?"

सुनेने बाल्कनी उघडून मला आणले. मी मनात म्हटले, आली माझी वेळ!

"तो नाही आत्ता. त्याला धरून उठलं की तो उलटतो. खुर्ची आण, जड लाकडी. डोक्याशी ठेव. मी कुशीवर वळते. हं. आता चांगला गुडघा टेकते. तू फक्त कमरेला धर. उचलायचं नाही, नुसतं धरायचं. समजलं?"

माझा मान खुर्चीने पटकावला. सुनेने धरले. सिस्टर गुडघ्यावर आल्या, मग खुर्चीवर, मग उभ्या. "आता दे तो सांगाडा," त्या म्हणाल्या. त्यांच्या दोन्ही मुठी माझ्या मुठींवर आवळल्या आणि सगळे वजन माझ्यावर आले. तडकलेला बूट करकरला, पण मी उभा राहिलो.

त्यांचे कपडे ओले झाले होते. सुनेने ते पाहिले, काही न बोलता त्यांना न्हाणीत नेले, कोमट पाण्याने पुसले, कोरडे कपडे घातले. सिस्टर भिंतीकडे पाहत राहिल्या.

"बोल ना," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. "म्हण, मी सांगितलं होतं म्हणून."

"नाही म्हणत. माझ्या बाबांचंही सगळं केलंय मी."

सिस्टरांनी टॉवेलची कड पिळली.

"ते वाक्य मी वॉर्डात हजारदा म्हटलंय," त्या म्हणाल्या. "सुटले बिचारे. समोर कोणी रडत असलं की काहीतरी म्हणावं लागायचं, आणि दुसरा रुग्ण वाट बघत असायचा. म्हणायचं आणि पुढे जायचं. हे गेले तेव्हा सगळे येऊन मला तेच म्हणाले. खरं सांगू? प्रत्येकाच्या टाळक्यात बेडपॅन हाणावंसं वाटलं."

सुनेला हसू आवरले नाही. हसता हसता तिला रडू फुटले.

"तुझ्या टाळक्यातही हाणणार होते त्या दिवशी," सिस्टर म्हणाल्या. "पण हाताशी पेलाच होता."

"आणि नेमही चुकला."

"तुझे बाबा कसे होते गं? मी कधी विचारलंच नाही."

सून तिथेच न्हाणीच्या दाराशी, ओल्या फरशीवर बसली आणि सांगू लागली.

तुम्हाला वाटेल, आता त्या घरात सगळे गोडीगुलाबीने राहू लागले. छे! दुसऱ्या दिवशी चहा पुन्हा कोमट निघाला आणि पुन्हा भांडण झाले. पण आता त्या सरळ एकमेकींशी भांडत, मुलाच्या मार्फत नव्हे. आणि सिस्टर मला घेऊन चालू लागल्या. शिव्या देत चालत, पण चालत.

एका गुरुवारी सुनेने एक गुपित फोडले. वाचनालयाच्या वरच्या खोलीत काही माणसे दर आठवड्याला जमत. कोणाचा जोडीदार गेलेला, कोणाची नोकरी सुटलेली, कोणाची लेक घरातून निघून गेलेली. एक समुपदेशक बाई असायच्या, बाकी सगळे एकमेकांचे ऐकायचे. सून वडील गेल्यापासून तिथे जात होती आणि दुकानात जास्तीचे काम आहे असे घरी सांगत होती.

"म्हणजे रडक्यांचा बाजार," सिस्टर म्हणाल्या. "मी नाही येणार." आणि त्यांनी चपला शोधायला घेतल्या.

वाचनालयाला अकरा पायऱ्या होत्या आणि जिन्यावर मी काही कामाचा नाही. सुनेने एका हाताने मला उचलले आणि दुसरा हात पुढे केला. सिस्टरांनी त्या हाताकडे, जसे पहिल्या दिवशी माझ्याकडे पाहिले होते, तसेच पाहिले. मग तो धरला. अकरा पायऱ्यांना पाव तास लागला.

वर गेल्यावर त्यांनी आधी खोलीत हवा नाही म्हणून सगळ्यांना झापले, खिडक्या उघडायला लावल्या. दुसऱ्या गुरुवारी त्या काहीच बोलल्या नाहीत. तिसऱ्या गुरुवारी म्हणाल्या, "मला आता कोणी 'सिस्टर, इकडे या' म्हणत नाही. त्याचंच जास्त वाईट वाटतं. नवऱ्याहूनही जास्त, कधी कधी. आणि मग त्याची लाज वाटते." कोणी त्यांना समजावले नाही. शेजारच्या माणसाने फक्त आपली खुर्ची जवळ सरकवली.

आठ महिन्यांनी सिस्टर माझ्याशिवाय, काठी घेऊन चालू लागल्या. त्यांनी मला घासूनपुसून लख्ख केले, चारही बूट नवे घातले आणि त्याच गुरुवारच्या मंडळातल्या एका न्हाव्याच्या घरी मला नेले. आयुष्यभर उभ्याने काम केलेला हा माणूस, पण मधुमेहामुळे त्याच्या पायाची बोटे काढावी लागली होती. मला पाहताच त्याने खुर्ची भिंतीकडे वळवली.

"घेऊन जा ते," तो म्हणाला. "डोळ्यांसमोर नको."

सिस्टर त्याच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. "शिव्या द्यायच्यात? द्या. हव्या तेवढ्या द्या, मीही दिल्यात. पण याला धरून द्या."

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू अडगळीत टाकू नका. स्क्रू आवळा, बूट बदला, आणि काम झाले की दुसऱ्या गरजूला द्या. तुमच्या घरात कोणी विनाकारण भांड्यांवर, भिंतींवर, तुमच्यावर चिडत असेल, तर उलट चिडा हवे तर, पण निघून जाऊ नका. त्याचे काय हरवले आहे ते एकदा विचारा.

न्हावीदादा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आज सकाळी त्यांनी मला पहिली शिवी हासडली. चांगली लांबलचक होती. ती संपेपर्यंत त्यांचे दोन्ही हात माझ्या मुठींवर होते.